हेलिकॉप्टर मागवा की मॅडम!

ऑगस्ट 2019. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरतं, पुढचं तोच तुम्हाला सांगेल. बाकीच्यांसाठी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि तेव्हा पाणी 55 च्या वर गेलं होतं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, त्यामुळे दूध नाही, पेट्रोल नाही, ट्रकच्या रांगा लागलेल्या. मी तेव्हा उपजिल्हाधिकारी म्हणून तशी नवीनच होते आणि मला शिरोळ तालुक्यात बसवलं होतं. शिरोळ म्हणजे कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चार नद्यांचं पाणी येणारा तालुका, तिथं पूर बघायला नदीवर जावं लागत नाही, तो घरी येतो.

त्याआधी मी हवाई दलात होते. चेतक हेलिकॉप्टर उडवायचे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे फार तर चौदा वर्षं, आणि पेन्शनला लागतात वीस. म्हणजे ऐन तिशीत स्क्वाड्रन लीडरचे पट्टे उतरवून परत अभ्यासाला बसायचं, तेही बावीस वर्षांच्या पोरांबरोबर, ज्यांना पंचवार्षिक योजना तोंडपाठ असतात. एमपीएससी झाले. पायलट ते जनसेवा म्हटलं की लोकांना राजेश पायलट आठवतात, हवाई दल सोडलं आणि 1980 ला थेट लोकसभेत, माझं प्रकरण तसलं भव्य नाही, मी सातबारा आणि फेरफार शिकत होते आणि कोतवालापासून सगळ्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की मॅडम इमान चालवायच्या.

हेच त्या दिवशी नडलं.

सकाळपासून एका गावातून फोन. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही.) चारी बाजूंनी पाणी, दोन-तीनशे माणसं अजून आत, काही स्लॅबवर, काही मराठी शाळेत कारण शाळा गावठाणाच्या उंचवट्यावर. आधीच का नाही निघाले म्हणून शहरातले लोक फार शहाणपणा करतात, पण गोठ्यात चार म्हशी असलेला माणूस त्या सोडून येत नाही, आणि 2005 ला पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेवर सगळ्यांचा देवासारखा विश्वास. त्या वर्षी ती खूण केव्हाच बुडाली होती.

कंट्रोल रूममध्ये एक स्थानिक पुढारी येऊन बसले, माणूस वाईट नाही, रात्रभर स्वतः बोटीवर होते, पण एकच धोशा. "मॅडम, तुम्ही एअर फोर्सच्या ना? मग लावा की एक फोन! हेलिकाप्टर मागवा की!" जणू काय मी जुन्या मैत्रिणीला फोन लावणार आणि ती ओला बुक केल्यासारखी मशीन पाठवणार. मागणी जाते जिल्हाधिकाऱ्यांकडून वर राज्याकडे, तिथून हवाई दलाकडे, आणि हे सगळं झालं तरी उडायचं की नाही हा शेवटचा शब्द त्या हेलिकॉप्टरच्या कॅप्टनचा. आणि ढग तर इतके खाली होते की गावातल्या पाण्याच्या टाकीचं टोक दिसेना.

मी म्हटलं, बोटी वाढवा. खोलीत एकदम शांतता आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. गंमत बघा, त्या खोलीत हेलिकॉप्टर चालवलेली मी एकटीच आणि नको म्हणणारीही मी एकटीच.

पण हिशोब साधा आहे. विंचने, म्हणजे वरून दोर सोडून माणूस उचलायचा म्हणजे मशीन एका जागी तरंगत ठेवायचं, त्याला सगळ्यात जास्त ताकद खर्च होते, आणि सगळं सुरळीत गेलं तरी एका माणसाला काही मिनिटं जातातच. दोनशे माणसं करा. त्यात एमआय-17 सारखं तेरा टनापर्यंत भरलेलं धूड डोक्यावर आलं की खाली जो वारा सुटतो त्यात जुन्या घरांचे पत्रे उडतात, आणि उडालेला पत्रा माणसाची मान कापू शकतो किंवा वर जाऊन पंख्यात. भिजलेल्या मातीच्या भिंतींचं तर बोलूच नका. बोट एका खेपेला आठ-दहा माणसं आणते, कंटाळवाणी आहे, टीव्हीवर बरी दिसत नाही, पण दिवसभर चालते. एनडीआरएफच्या दोन बोटी दुसऱ्या गावाकडून वळवून घेतल्या, स्थानिक पोरांच्या जोडीला दिल्या. पुढारी मला म्हणाले, "तुमच्यापेक्षा साधा प्रांताधिकारी बरा होता." खरं सांगायचं तर लागलं ते.

दुपारी मात्र दुसराच फोन आला. त्याच गावात एक किडनीचे पेशंट, डायलिसिस चुकलेलं, अंगावर सूज, धाप लागलेली. आणि ते राहायला ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवर, जिथं ओढा आणि नदी एक झालेली, धार इतकी की इंजिनची बोट अर्ध्यातून ढकलली जाऊन उसात घुसली होती. एक खेप प्रयत्न करून पोरं परत आली. तेव्हा मी स्वतः कलेक्टर साहेबांना फोन केला की सर, आता हेलिकॉप्टर लागेल, आणि ढग थोडा उचललाय.

मंजुरी वगैरे झाली ते सोडा. खरं काम होतं वस्तीवर अडकलेला आमचा तलाठी, पंचविशीचं पोरगं, नोकरीचं पहिलंच वर्ष. त्याच्या फोनची बॅटरी अकरा टक्के. मी त्याला म्हटलं, आता मी सांगते तेवढंच कर आणि मध्ये फोन बंद ठेव.

उंचावरचा मोकळा माळ होता, मळणीची जागा. ताडपत्र्या, पत्रे, वैरण, प्लास्टिकच्या खुर्च्या, जे उडेल ते सगळं गोठ्यात कोंब. मधोमध चुन्याने मोठा एच काढ. चुना नाही म्हणाला. मग पांढरी धोतरं अंथर, कडेला दगड ठेव, मोठे, बारके नको. काठीला टॉवेल बांधून उभी कर, मला नाही, पायलटला वारा कळायला हवा. माणसं भिंतीच्या आड, पेशंट आणि एकच नातेवाईक पुढे, आणि शेपटीकडे कुणी म्हणजे कुणीही जायचं नाही. तो बिचारा प्रत्येक वाक्याला "हां मॅडम" म्हणत होता. खुणा म्हणून मी देवळाचं शिखर, टाकी आणि मोबाइल टॉवर घेतले कारण वरून बघताना रस्ता नसतो, शिवार नसतं, सगळा एकच गढूळ चहा दिसतो, आणि गावांची नावं काही वरून लिहिलेली नसतात. अक्षांश-रेखांशासकट ते क्रूपर्यंत पोचवलं.

हेलिकॉप्टर आलं, एक गोल फिरलं, खाली उतरायला लागलं आणि एकदम वर उचलून निघून गेलं.

कंट्रोल रूममध्ये जो काही शिव्यांचा पाऊस पडला म्हणता! घाबरला, पळाला, फोटो काढायला आला होता काय. मी एवढंच म्हटलं की त्याला काहीतरी दिसलंय जे आपण त्याला सांगितलं नाही. तलाठ्याला फोन लावला, सहा टक्के. तिथं विजेची तार आहे का? "आहे मॅडम, पण लाइट तीन दिवस बंद हाय, काय होत न्हाय." अरे बाबा, करंटचं नाही, ती तार पंख्यात अडकते! हे सगळ्यांना सांगून थकले मी. तार वरून दिसतच नाही, पायलटला दिसतात फक्त खांब, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं असतं. पुरात एक खांब वाकून उसात झोपलेला, त्यामुळे दुसरा त्याला फार उशिरा दिसला असणार. त्याने केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, मीही तेच केलं असतं, आणि हे मी त्या खोलीत जरा मोठ्या आवाजात बोलले.

तार पूर्व बाजूला, मग दुसरा निरोप गेला की पश्चिमेकडून उसावरून या. आला. उतरला. पंखे चालूच ठेवून पेशंटला खुर्चीसकट आत घेतलं. तेवढ्यात त्यांची हॉस्पिटलची फाईल वाऱ्याने उडाली आणि मुलगा तिच्या मागे पळाला, सरळ शेपटीच्या पंख्याच्या दिशेने, तेव्हा क्रूमधल्या एकाने उडी मारून त्याला कॉलरला धरून आत फेकला. हे मला नंतर तलाठ्याने सांगितलं. ऐकूनच माझ्या हाताला घाम आला. पेशंट कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरला, अँब्युलन्स तयार होती, त्याच रात्री डायलिसिस झालं. बाकीची माणसं संध्याकाळपर्यंत बोटींनीच आली, शेवटच्या खेपेत एक आज्जी कोंबडी घेऊन, आणि कोंबडीला लाइफ जॅकेट का नाही म्हणून तिने बोटवाल्याला झापलं.

रात्री पुढारी परत आले, चहा सांगितला, माफी वगैरे नाही मागितली, म्हणाले, "मॅडम, ते चारा कधी पोचतोय?"

मग पुढचे कित्येक आठवडे पंचनामे. ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार सानुग्रह, त्याच्या याद्या, कुणाचं नाव राहिलं, कुणाचं दोनदा आलं, भावाभावांची एक चूल की दोन. हवाई दलात मिशन संपलं की डीब्रीफिंग होतं, तिथं ज्युनियरने सीनियरला तोंडावर चुका सांगायच्या असतात. इकडे तसं काही नसतं, तर मी तलाठ्यांची मीटिंग लावून तेच करून बघितलं. पहिला अर्धा तास कुणी तोंड उघडेना. मग त्याच पोराने सुरुवात केली, म्हणाला मॅडम तुम्ही फार वेगाने बोलता, अर्धं कळत नव्हतं.

त्यातून एक यादी झाली, प्रत्येक गावात उतरायची जागा कुठे, तारा कुठल्या बाजूला, टाकी आणि शिखर कुठे, जागेला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे. दर मे महिन्यात ती ताजी करायची. तलाठी वैतागतात, त्यांना आधीच शंभर कामं आहेत हे मला कळतं, तरी करायचीच. पुढच्याच उन्हाळ्यात एका गावाने नेमक्या त्या माळावर सभामंडपाचा पाया खणला. मी नोटीस काढली, सरपंच चिडून ऑफिसला आले, म्हणाले मॅडम, पूर काय रोज येतो का. पाया मात्र पन्नास मीटर सरकवला.