तुम्ही विचारलेत म्हणून : हे रंग खरे आहेत का?

दरवर्षी मंडळाच्या दिनदर्शिकेत माझे एखादे छायाचित्र छापले जाते आणि पुढचे आठ-पंधरा दिवस मला एकच प्रश्न ऐकावा लागतो : हे खरेच असे दिसते, की तुम्ही कॉम्प्युटरवर केले आहे? शेफील्डमधल्या ओळखीच्यांपासून साताऱ्याच्या आत्यापर्यंत सगळे हेच विचारतात. इतकी वर्षे मी ‘खरे आहे’ एवढेच म्हणून विषय संपवत आले. ते उत्तर पुरे नव्हते, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी रंगांबद्दल. ऑगस्टमध्ये इथे इंग्लंडात, शेफील्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्ट ह्या डोंगराळ प्रदेशाचे माथे हेदर नावाच्या झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात. तो जांभळा रंग मी ओतलेला नाही. कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे काहीही संस्कार न झालेले मूळ चित्र, मुळातच फिकी असते. उजळ आकाश आणि काळोखा उतार डोळ्याला एकाच वेळी दिसतात, पण एका क्लिकमध्ये दोन्ही नीट उतरत नाहीत. आकाश जपले की खडक काळेठिक्कर पडतात. ते खडक घरी येऊन उजळणे ज्यांना खोटेपणा वाटतो, त्यांनी आपल्या फोनमधला कोणताही फोटो पाहावा. हेच काम फोन तुम्हाला न विचारता करतो. ह्याबाबत माझ्या मनात कसलाही संकोच नाही.

संकोच आहे तो वस्तू पुसण्याबद्दल. 2012 साली इथल्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतले पहिले आलेले छायाचित्र अतिरिक्त फेरफारांमुळे मागाहून बाद ठरवण्यात आले. तेव्हा मी नवखी होते आणि तो निर्णय योग्यच आहे म्हणून भेटेल त्याच्याशी वाद घालत असे. उजेड कमीजास्त करा, वस्तूंना हात लावू नका, असा माझा नियम होता. आजही मी तो कोणालाही समजावून सांगू शकेन. पाळलेला मात्र नाही.

2017 च्या ऑगस्टमध्ये बाबा आमच्याकडे आले होते. एका संध्याकाळी मी त्यांना हॅदरसेज गावाच्या वर, स्टॅनेजच्या कड्यापाशी नेले. कड्याच्या पायथ्याला गवतात गिरणीचे जुने दगड पडले आहेत. घडवून तयार झाले आणि मागणी संपल्यावर तिथेच राहिले. बाबा त्यातल्या एकावर बसले, मधल्या भोकात त्यांनी मूठ घालून पाहिली आणि म्हणाले, “आईचं जातं ह्याच्या पोटात मावेल.” मग आम्ही वर चढलो. हेदर पाहून त्यांना कासचा तेरडा आठवला. सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळणार होता, वारा इतका होता की ट्रायपॉड हलू नये म्हणून मी त्याला पिशवी टांगली होती, आणि अचानक ढगांतून एक तिरीप निसटून नेमकी समोरच्या खडकांवर आली. ती दोन मिनिटे टिकली असेल. बाबा तेवढ्यात पुढे जाऊन कड्याच्या टोकाशी उभे राहिले होते, दादाने घेऊन दिलेले भगवे विंडचीटर घालून, हात पाठीमागे बांधून. मी हाक मारली. वाऱ्यात ती पोहोचली नाही. मी बटण दाबले.

घरी स्क्रीनवर ते करंगळीच्या नखाएवढे दिसत होते आणि तो भगवा ठिपका जांभळ्यात मला खुपत होता. कॉम्प्युटरवरचा हीलिंग ब्रश, म्हणजे नको ती वस्तू पुसणारे साधन, त्यांच्यावरून दोनदा फिरवला, तिथे आकाश आणि खडक भरून आले. दिनदर्शिकेसाठी तोच फोटो निवडला गेला आणि त्याची मोठी प्रत मी बाबांना कौतुकाने पाठवली. व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि फोटो डोळ्यांजवळ धरला. मावळत्या उन्हात त्यांची लांब सावली शेजारच्या खडकावर पडली होती, ती पुसायची माझ्याकडून राहून गेली होती.

“ही माझी सावली ना गं?”

मी हो म्हटले.

“मग मी कुठे आहे?”

“तुम्ही मधे येत होतात,” असे मी म्हणाले. हे वाक्य मी वडिलांना उद्देशून बोलले, ते आजही मला आठवते.

दुसऱ्याच दिवशी मूळ फाइलवरून, ते आहेत अशी प्रत छापायला टाकली आणि साताऱ्याला पाठवली. ती कपाटात आहे. भिंतीवर पहिलीच आहे, आणि आल्यागेल्याला बाबा त्या सावलीशेजारी बोट ठेवून “इथे मी उभा होतो” असे सांगतात. बदलत का नाही म्हटले, तर म्हणतात, “तुझा फोटो तोच चांगला आहे.” ते माझे मन राखण्यासाठी म्हणतात की त्यांना खरेच तसे वाटते, हे मला कळलेले नाही. केवळ चित्र म्हणून पाहिले तर माझेही मत तेच आहे, आणि हे लिहिताना मला त्रास होतो.

निर्मनुष्य डोंगर हीच इथली खरी शोभा, असे मी तेव्हा स्वतःला समजावले होते. पण ह्या डोंगरांवर माणसाचा हात सगळीकडे आहे. ते दगड माणसाने घडवले. इथल्या कितीतरी माळांवर हेदर टिकले आहे ते ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी पट्ट्यापट्ट्याने जाळून राखले म्हणून. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो लोक जमीनमालकांचा मज्जाव मोडून इथल्याच किंडर स्काउट ह्या डोंगरावर चढले, ते सामान्य माणसाला ह्या उतारांवर चालता यावे म्हणून. आणि 1951 मध्ये हा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, त्यामागेही ही मागणी होतीच. हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरीही मी ब्रश फिरवला.

गेल्या आठवड्यात पहाटे मी मॅम टॉर ह्या इथल्याच डोंगरावर होते. रात्र निरभ्र आणि बिनवाऱ्याची असली की थंड हवा दरीत साचते, धुके धरते, आणि 517 मीटरच्या त्या माथ्यावरून होप व्हॅली दुधाने भरल्यासारखी दिसते. त्यातून सिमेंट कारखान्याची चिमणी तेवढी वर येते. माझ्या आजवरच्या सगळ्या फोटोंत ती कापलेली किंवा पुसलेली आहे. ह्या वेळी मी दोन प्रती छापून घेतल्या, एक चिमणीसकट आणि एक चिमणीशिवाय. चिमणीशिवायची अधिक देखणी आहे. दिनदर्शिकेची मुदत रविवारी संपते, आणि दोन्ही प्रती अजून माझ्या टेबलावर आहेत.