टाळू आपोआप भरते

१ मे ही तारीख आम्ही मुद्दाम धरली होती. कॉलेजला सुट्टी, डिसेक्शन हॉलला कुलूप, आणि मराठी विकिपीडियाही २००३ साली याच तारखेला सुरू झालेला. सकाळचं झेंडावंदन उरकून आम्ही पाच जण शरीररचनाशास्त्र विभागाच्या डेमो रूममध्ये बसलो. डोकं आणि तोंड एवढ्याच भागावरचे वीस लेख दिवसभरात लिहायचे किंवा सुधारायचे, असा बेत होता. झाले सात. त्यातल्या एकाची ही हकीकत.

पाच जण म्हणजे कोण, तर मी, पंधरा वर्षं हा विषय इंग्रजीत शिकवणारा. आमची दुसऱ्या वर्षाची पीजी विद्यार्थिनी. शेजारच्या आयुर्वेद कॉलेजात रचनाशारीर शिकवणारे वैद्य. मराठीच्या निवृत्त प्राध्यापिका, ज्यांना सगळं गाव बाई म्हणतं. आणि एक तरुण, ज्याचा वैद्यकाशी काडीचा संबंध नाही. तो विकिपीडियावर किल्ले आणि रेल्वे स्टेशनं लिहितो. पण तिथले रीतीरिवाज माहीत असलेला आमच्यात तोच एकटा, त्यामुळे त्या दिवशी तोच आमचा एचओडी. सहावे मामा. हॉलची किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून सुट्टी असूनही आले होते. सव्वीस वर्षं त्यांनी या हॉलमधली प्रेतं सांभाळली आहेत, हाडं धुतली आहेत, पेट्या लावल्या आहेत.

तरुणानं आधी नियम सांगितले. लेख थेट टाकायचा नाही, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, लिहायचा. प्रत्येक विधानाला संदर्भ हवा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य उचलायचं नाही. आणि डॉक्टरी सल्ला द्यायचा नाही. “घ्यावे, करावे, टाळावे असलं क्रियापद दिसलं की मी खोडणार,” असं त्यानं मला, चाळिशी उलटलेल्या असोसिएट प्रोफेसरला, बजावलं. मला गंमत वाटली. परीक्षेत मी मुलांना याहून सौम्य शब्दांत बोलतो.

पहिला दीड तास भांडणात गेला. इंग्रजी विकिपीडियावर शरीररचनेच्या लेखांसाठी स्वयंसेवकांचा एक प्रकल्पच आहे. तिथेही वाद होतात, पण त्यांच्या पाठीशी लॅटिन नावांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, १९९८ मध्ये ठरलेली आणि २०१९ मध्ये सुधारलेली. अवयवाच्या लेखात उजवीकडच्या चौकटीत त्या यादीतला क्रमांक दिला की तो अवयव नेमका कोणता, हा प्रश्न मिटतो. आमच्याकडे क्रमांक होते, शब्द मिटत नव्हते. मी ‘मज्जातंतू’ म्हटलं की वैद्य हात वर करायचे. मज्जा म्हणजे हाडाच्या आतला सहावा धातू, तिचा चेतनेशी काय संबंध? आणि खरंच, एकाच पानावर नर्व्हला मज्जातंतू आणि बोन मॅरोला अस्थिमज्जा म्हणायचं, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं? ‘शीर’ तर निघाली तशीच निकालात काढली. पेशंटची शीर दबते तेव्हा ती नर्व्ह असते, सिस्टरला शीर सापडत नाही तेव्हा ती व्हेन असते, आणि मानेची शीर आखडते तेव्हा तो बिचारा स्नायू असतो. बाई हे सगळं वहीत उतरवून घेत होत्या आणि आम्हा तिघांपेक्षा जास्त खूश होत्या.

चित्रांचा प्रश्न त्या मानानं सोपा होता. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’च्या १९१८ च्या अमेरिकन आवृत्तीवर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही, आणि त्यातली चित्रं विकिपीडियाच्या भांडारात आहेत. नवजात बाळाची कवटी वरून कशी दिसते, तेही चित्र त्यात आहे. ते उतरवून घेताना मी पोरांना नेहमी सांगतो ती गोष्ट इथेही सांगून घेतली. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची चित्रं हेन्री व्हॅनडाइक कार्टरनं काढली. पुस्तक निघालं त्याच वर्षी हा माणूस मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, आणि शेवटी ग्रँट मेडिकलचा प्रिन्सिपॉल झाला. चित्रांबद्दल त्याला एकदाच पैसे मिळाले, रॉयल्टी नाही. “म्हणजे आपल्यातलाच,” तरुण म्हणाला.

यादीत अकराव्या क्रमांकावर ‘टाळू’ होतं. पुढे फक्त ‘नवा लेख’ एवढंच लिहिलेलं. हा माझा आवडता भाग, म्हणून मी घेतला. पुढचा दोन तृतीयांश टणक, मागचा एक तृतीयांश मऊ, टोकाला पडजीभ. गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास जिभेच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन पट्ट्या आडव्या होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पुढून मागे जुळत जातात. जुळल्या नाहीत तर फट राहते. मी रचना लिहिली, मग ‘विकार’ हा भाग लिहिला: काही बाळांची टाळू जन्मतः दुभंगलेली असते, दूध नाकातून येतं, शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात.

त्याच धूळपाटीवर, त्याच मथळ्याखाली, समोरच्या संगणकावर आमची पीजी ‘वाढ’ हा भाग लिहीत होती. तिला मी फक्त एवढंच म्हटलं होतं, “टाळूचं जन्मानंतरचं तू बघ.” माझ्या डोक्यात तोंडातली टाळू. तिनं नुकतीच बालरोग विभागात पोस्टिंग केलेली, तिच्या डोक्यात डोक्यावरची, म्हणजे फॉन्टॅनेल. तिनं लिहिलं: जन्मतः टाळू पूर्ण बंद झालेली नसते. ती साधारण १८ महिन्यांपर्यंत आपोआप भरून येते. संदर्भही दिला, बालरोगाच्या चांगल्या पाठ्यपुस्तकाचा.

दोन्ही तुकडे जोडले मी. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, तिच्या ‘सुमारे’चं ‘साधारण’ केलं म्हणजे भाषा एकसारखी वाटावी, आणि तिचा भाग माझ्या भागाच्या वर घेतला, कारण वाढ आधी आणि विकार नंतर हा रिवाज. सांधा कुठे दिसू नये म्हणून मी मेहनत घेतली हो. मग बाईंसाठी प्रिंट काढली. त्या पडद्यावर वाचत नाहीत, त्यांना कागद आणि लाल पेन लागतं.

मामा चहा आणि वडापाव घेऊन आले तेव्हा तो कागद टेबलाच्या कडेला पडलेला. आम्ही खात होतो, मामा उभ्याउभ्या वाचत होते. मला ते दिसलं आणि बरंही वाटलं. या खोलीत भिंतीवर तक्ते आहेत, कपाटांवर लेबलं आहेत, पेट्यांवर नावं आहेत, सगळी इंग्रजीत. त्यांच्या भाषेतला कागद इथे पहिल्यांदाच आला असेल. मामा वाचून बाहेर व्हरांड्यात गेले, फोनवर बोलले, परत आले आणि माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

“सर, लई उपकार झालं बघा.”

“काय झालं मामा?”

“नातीचं. ऑपरेशन येत्या गुरुवारी हाय न्हवं. पोरीला आत्ताच सांगितलं, रद्द कर म्हणून. दीड वर्सात आपोआप भरतीया, सरांनीच लिवलंय. आत्ता कुठं धा म्हयन्याची हाय ती.”

नातीची टाळू दुभंगलेली आहे, हे मला ठाऊक होतं. जन्मली तेव्हा ओळखीच्या सर्जनचा नंबर मीच दिला होता. त्यानंतर मात्र विचारपूस करायची राहून गेली ती राहिलीच.

मी कागद ओढून घेतला आणि मामांच्या नजरेनं वाचला. टाळू जन्मतः बंद नसते. १८ महिन्यांपर्यंत आपोआप भरते. काहींची दुभंगलेली असते. १८ महिन्यांपर्यंत शस्त्रक्रिया करतात. म्हणजे ज्यांची भरत नाही त्यांची करत असतील. दोनदा तोच आकडा. मामांनी काहीही चुकीचं वाचलेलं नव्हतं. एकेक वाक्य घेऊन मला कुणी तोंडी परीक्षेत विचारलं असतं, तर प्रत्येकाला मी पूर्ण मार्क दिले असते.

पीजीनंही एव्हाना वाचलं होतं. “सर, मी फॉन्टॅनेलबद्दल लिहिलंय,” ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. चूक तिची नव्हती. सांधा मी घातला होता.

तोंडानं समजावण्यात अर्थ नव्हता, टाळू हाच शब्द पुन्हा आला असता. मी कपाटातून गर्भाची कवटी काढली. मामांनीच साफ करून ठेवलेली. वरून मधोमध चौकटच्या पत्त्यासारखी फट, मागे लहान त्रिकोणी. “मामा, इथं बोट ठेवा. हिला काय म्हणता?”

“टाळू.”

कवटी उलटी केली. वरच्या जबड्याच्या आत, जिथं छत असतं तिथं त्यांचं बोट नेलं. “आणि हिला?”

“टाळूच की.” बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी स्वतःच कवटी सरळ केली, पुन्हा उलटी केली. “आपोआप भरती ती ही,” ते वरच्या फटीवर अंगठा ठेवून म्हणाले, “आन आमच्या पोरीची ती ही.”

“हो. ती आपोआप भरत नाही.”

त्यांनी फोन लावला. लागेना. लेक कुणाशी तरी बोलत होती, नंबर व्यस्त. पुन्हा व्यस्त. त्या वीस मिनिटांत आमच्यापैकी कुणीही एक अक्षर टाईप केलं नाही. मी सर्जनला मेसेज टाकून ठेवला. शेवटी फोन लागला तेव्हा मामांनी स्पीकर सुरू केला, का ते माहीत नाही, बहुधा साक्षीला. लेक म्हणाली, “आप्पा, मी कशाला रद्द करतीय? डॉक्टरांना इचारल्याबिगर मी काय करणार न्हवते. मला वाटलंच तुमी कायतरी वाचलं आसंल म्हणून.”

बाई हसल्या, मग मामा हसले. मला काही लगेच हसू आलं नाही.

मग आम्ही तो लेख उघडून बसलो, आणि उरलेला दिवस त्याच एका शब्दात गेला. नुसतं ‘टाळू’ हे नाव कुणाला द्यायचं? वैद्य म्हणाले, मूळ तालु म्हणजे तोंडातलीच, म्हणून तर चारमधला च तालव्य. बाई म्हणाल्या, व्याकरणात असेल, पण लोकांच्या तोंडी? आणि त्यांनी पुराव्यादाखल ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा’ हा वाक्प्रचार काढला, तोही डिसेक्शन हॉलच्या भिंतीला पाठ लावून. तोंडातल्या टाळूवरचं लोणी खाण्यात कसला आलाय हलकटपणा, असं त्यांचं म्हणणं. वैद्यांनी ‘तहानेनं जीभ टाळूला चिकटली’ हे सुनावलं. बरोबरी झाली. डोक्यावरच्या टाळूला ‘कलांतराल’ असा एक पर्याय निघाला, पण मामांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि तिसऱ्यांदा अडखळले, तेव्हा तो बाद.

शेवटी तरुणानं तोडगा काढला. नुसत्या ‘टाळू’ नावाचं पान म्हणजे फक्त दुभाजक. त्यांच्या भाषेत निःसंदिग्धीकरण. वाचणारा तिथं आला की दोन ओळी दिसणार: तोंडातली हवी की डोक्यावरची? दोन्ही लेख वेगळे आणि त्यांचे इंग्रजी जोडीदारही वेगळे. तोंडातल्या टाळूच्या लेखात पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं, ‘ही फट आपोआप भरून येत नाही.’ हा सल्ला होतो का, यावर तरुण थोडा वेळ थांबला. वस्तुस्थिती आहे, म्हणाला, पण संदर्भ लागेल. पीजीनं शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकातलं पान शोधून दिलं.

नव्या दोन्ही प्रिंट मी या वेळी बाईंच्या आधी मामांना दिल्या. त्यांनी सावकाश वाचल्या आणि डोक्यावरच्या टाळूत एका शब्दावर बोट ठेवलं. “सर, टाळू भरती म्हणजे? टाळू आपण भरतो. तेलानं.” त्यांचं बरोबर होतं. बाळाची टाळू आजी रोज तेल घालून भरतेच. आम्ही ‘भरून येते’ काढलं आणि ‘हाडं एकमेकांना येऊन मिळतात’ असं केलं. संध्याकाळी पावणेसातला दोन्ही लेख धूळपाटीवरून हलले. बदलाचा सारांश लिहायच्या चौकटीत तरुणानं लिहिलं, ‘दोन वेगळे अवयव वेगळे केले.’

ऑपरेशन गुरुवारी झालं.

पुढची बैठक जूनमध्ये ठरली, विषय कंबर आणि पाय. नवीन यादी मी आधीच मामांना दाखवायची असं ठरवलं होतं. पहिलाच शब्द ‘जांघ’. मी सगळ्यांना म्हटलं, लिहायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या अंगावर दाखवा. वैद्यांनी सुश्रुताला स्मरून गुडघ्याखाली हात नेला. पीजीचं शाळेपर्यंतचं शिक्षण भोपाळचं, तिनं मांडीवर ठेवला. मामांचा हात भलतीकडेच निघालेला पाहून बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.