लिबर्तादोरेसच्या एका गटाचा ताळा: माझा अनुभव

कोपा लिबर्तादोरेस म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा. तिची गटसाखळी मी तयार गुणतक्त्यावरून पाहत नाही, चौकटीच्या वहीत स्वतः मांडतो. तयार तक्ता कोण कुठे उभा आहे एवढंच सांगतो. कोणाचे किती सामने घरी उरलेत, कोणाचे बाहेर, आणि कोणता गोल पुढे महागात पडणार आहे, हे त्यात दिसत नाही. या स्पर्धेत तर नेमकं त्यावरच सगळं ठरतं. 2023 सालचा ड गट या मांडणीसाठी मला सगळ्यात चांगला नमुना वाटतो, म्हणून पद्धत त्याच्याच आकड्यांनी सांगतो. गटात चार संघ होते: रिओचा फ्लुमिनेन्से, ब्वेनोस आयरेसचा रिव्हर प्लेट, लिमाचा स्पोर्टिंग क्रिस्टाल आणि ला पाझचा द स्ट्राँगेस्ट.

रचना थोडक्यात अशी. एकूण 32 संघ, चार-चारांचे आठ गट. प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी एकदा घरी आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, म्हणजे प्रत्येकाचे सहा सामने आणि गटाचे बारा. पहिले दोन संघ शेवटच्या सोळांत जातात. तिसऱ्याला कोपा सुदामेरिकाना या तिथल्या दुय्यम स्पर्धेत जागा मिळते, पण 2023 पासून थेट नाही. त्याला आधी तिथल्या एखाद्या गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी दोन सामन्यांची लढत जिंकावी लागते. चौथ्याचं सगळं संपतं. त्यामुळे शेवटच्या दिवशी तिसऱ्या जागेची झुंजही खरी असते. शिवाय 2023 पासून गटातल्या प्रत्येक विजयामागे क्लबला तीन लाख डॉलर वेगळे मिळू लागले, त्यामुळे बाद झालेला संघही सहसा सामना सोडून देत नाही.

वही उघडण्याआधी घड्याळ जुळवून घ्यायचं, कारण पहिली चूक तिथेच होते. ब्वेनोस आयरेस, मोन्तेविदेओ आणि रिओ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहेत, ला पाझ साडेनऊ, तर लिमा, बोगोता आणि किटो साडेदहा. तिकडे रात्री 9 ला सुरू होणारा सामना ब्वेनोस आयरेसमधला असेल तर आपल्याकडे पहाटे 5.30 ला लागतो, लिमातला असेल तर सकाळी 7.30 ला. चिलीत एप्रिलच्या सुरुवातीला घड्याळ एक तास मागे जातं, आणि गटसाखळी त्याच सुमारास सुरू होते. तारीखही बदलते: 27 जूनच्या रात्रीचा सामना आपल्याकडे 28 जूनला होतो. मी वहीत कायम यजमान शहराची तारीख लिहितो आणि शेजारी पेन्सिलीने आपली वेळ. दोन्ही तारखा एकाच रकान्यात मिसळल्या की फेऱ्यांचा क्रम चुकतो, आणि दोन फेऱ्यांनंतर ती चूक शोधणं जिकिरीचं होतं.

प्रत्येक संघापुढे माझे सहा रकाने असतात: गुण, केलेले गोल, खाल्लेले गोल, फरक, घरचे बाकी, बाहेरचे बाकी. फेरी संपली की ताळा करायचा. चौघांच्या गोलफरकाची बेरीज शून्यच यायला हवी. केलेल्या गोलांची बेरीज खाल्लेल्या गोलांइतकी हवी. गुणांची बेरीज म्हणजे निकाली सामन्यांचे प्रत्येकी तीन आणि बरोबरीचे प्रत्येकी दोन. ड गटात बारापैकी दहा सामने निकाली लागले आणि दोन बरोबरीत सुटले, म्हणजे 34 गुण. योगायोगाने गटातले एकूण गोलही 34 च झाले, तेव्हा या गटाचा ताळा करताना दोन बेरजा एकमेकींच्या जागी जाऊ द्यायच्या नाहीत.

तिसऱ्या फेरीनंतरचं पान पाहा. फ्लुमिनेन्सेचे 9 गुण, बाकी तिघांचे 3-3. माराकानावर, म्हणजे रिओतल्या आपल्या घरच्या मैदानावर, 2 मे रोजी जर्मान कानोच्या तीन गोलांसह फ्लुमिनेन्सेने रिव्हरला 5-1 हरवलं होतं. फरकाचा रकाना असा होता: फ्लुमिनेन्से +7, स्ट्राँगेस्ट 0, क्रिस्टाल −3, रिव्हर −4. नुसत्या गुणांवरून आणि फरकावरून रिव्हर तळाला आणि गाळात. पण बाकीचे रकाने वेगळं सांगत होते. रिव्हरचा पुढचा सामना लिमात होता, पण त्यानंतरचे दोन्ही घरी. क्रिस्टालचं उलट: रिव्हरशी सामना घरी, मग ला पाझ आणि शेवटी थेट माराकाना. पाचव्या-सहाव्या फेरीत घरी कोण आहे, हा रकाना मी लाल शाईने भरतो. मागे पडलेल्या संघाला परत यायला तेच दोन सामने लागतात.

चौथ्या फेरीत लिमाचा सामना 1-1 सुटला आणि ला पाझमध्ये फ्लुमिनेन्से 0-1 हरला.

इथे ला पाझबद्दल सविस्तर लिहायला हवं. एर्नान्दो सिलेस मैदान सुमारे 3,600 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडूला अडथळा कमी: लांबचा फटका वेगाने येतो आणि अपेक्षेइतका वळत नाही, गोलरक्षकाचा अंदाज चुकतो. पाहुण्या खेळाडूंना एका धावेनंतर दम परत मिळवायला जास्त वेळ लागतो. आठवडा-दोन आठवडे राहून शरीर रुळवणं वेळापत्रकात बसत नाही, म्हणून बरेच संघ सान्ता क्रूससारख्या सखल शहरात मुक्काम करून सामन्याच्या अगदी तोंडावर वर चढतात. स्ट्राँगेस्टच्या नोंदीत हे स्वच्छ उतरलं. पहिल्याच फेरीत त्यांनी रिव्हरला 3-1 हरवलं, नंतर फ्लुमिनेन्सेला 1-0. त्यांचे सहा सामन्यांतले पाचही गोल ला पाझमध्ये झाले, बाहेरच्या तीन सामन्यांत एकही नाही. म्हणून डोंगरावरच्या संघांसाठी मी घरचे आणि बाहेरचे गोल वेगळे लिहितो. एकत्र लिहिले की तो संघ मधल्या ताकदीचा वाटतो. तसा तो नसतो. घरी तो कोणालाही भारी पडतो, बाहेर त्याच्या हाती काही लागत नाही. आणि म्हणूनच पाचव्या फेरीत समुद्रकाठच्या लिमाहून आलेल्या क्रिस्टालने ला पाझमध्ये 2-1 असा विजय मिळवला, तो माझ्या मते या गटातला सगळ्यात मोलाचा निकाल. त्याच फेरीत रिव्हरने घरी फ्लुमिनेन्सेला 2-0 हरवलं.

आता शेवटच्या फेरीआधीचं पान: फ्लुमिनेन्से 9 गुण (+4), रिव्हर 7 (−2), क्रिस्टाल 7 (−2), स्ट्राँगेस्ट 6 (0). चौघेही जिवंत. समान गुण असतील तर आधी गोलफरक आणि मग केलेले गोल, हा त्या हंगामाचा नियम होता. आपसातले सामने आधी पाहायचे, ही युरोपातली सवय इथे लावली की उत्तर चुकतं. नियम दर हंगामाचा त्या हंगामाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. मी नऊ खणांची चौकट काढतो. आडव्या ओळींत फ्लुमिनेन्से-क्रिस्टालचे तीन शक्य निकाल, उभ्या स्तंभांत रिव्हर-स्ट्राँगेस्टचे तीन. प्रत्येक खणात आधी फक्त गुणांनी क्रम लावायचा, आणि पुढे जाणारे दोघे जिथे गुणांनी ठरत नाहीत त्याच खणाभोवती गोल करायचा. ड गटात असे दोनच खण निघाले.

पहिला, दोन्ही सामने बरोबरीत. रिव्हर आणि क्रिस्टाल दोघेही 8 गुणांवर आणि दोघेही −2 वर. केलेले गोल रिव्हरचे 9, क्रिस्टालचे 7. म्हणजे रिव्हरचा सामना 0-0 आणि माराकानावर 3-3 झालं असतं तर क्रिस्टाल पुढे गेला असता. 1-1 बरोबरी पुरेशी नव्हती. दुसरा, क्रिस्टाल आणि स्ट्राँगेस्ट दोघांचाही विजय. मग फ्लुमिनेन्से आणि स्ट्राँगेस्ट 9 गुणांवर. दोन्ही विजयांच्या फरकांची बेरीज 5 किंवा जास्त असेल तर स्ट्राँगेस्ट पुढे, 4 असेल तर केलेले गोल पाहायचे, कमी असेल तर फ्लुमिनेन्से.

बाकी खणांतून सरळ वाक्यं मिळतात. रिव्हर जिंकला की नक्की आत. क्रिस्टाल जिंकला की नक्की आत. फ्लुमिनेन्सेला एक गुण पुरे, पण तो हरला आणि रिव्हर जिंकला तर फ्लुमिनेन्से तिसरा. ही तीन वाक्यं मी चौकटीखाली ठळक लिहितो, म्हणजे सामना चालू असताना आकडेमोड करावी लागत नाही.

27 जूनला रिव्हर 2-0 जिंकला आणि माराकानावर 1-1 झालं. शेवटचा तक्ता: फ्लुमिनेन्से 10 (+4), रिव्हर 10 (0), क्रिस्टाल 8 (−2), स्ट्राँगेस्ट 6 (−2). पहिल्या जागेसाठी रिव्हरला शेवटच्या दिवशी सहा गोलांनी जिंकावं लागलं असतं. आता मागे जाऊन माराकानाचा तो 5-1 पाहा. तिथे 3-1 झालं असतं तर दोघेही +2 वर आले असते आणि 8 विरुद्ध 11 गोलांनी रिव्हर पहिला ठरला असता. सामना केव्हाच हातातून गेला होता तरी फ्लुमिनेन्सेचा चौथा गोल गट ठरवून गेला. म्हणून एकतर्फी सामन्याचेही सगळे गोल मी मिनिटासह लिहितो.

पहिल्या जागेचा अर्थ सोडतीत कळतो. शेवटच्या सोळांत गटविजेत्याची गाठ एखाद्या गटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी पडते आणि परतीचा सामना त्याच्या घरी होतो. फ्लुमिनेन्सेने आर्जेन्टिनोस ज्युनियर्सशी बाहेर 1-1 केलं आणि माराकानावर 2-0 ने काम उरकलं. रिव्हरचा परतीचा सामना पोर्तो अलेग्रेत इंटरनासिओनालच्या घरी झाला आणि तो पेनल्टींवर बाद झाला. पुढच्या फेऱ्यांसाठी मात्र गटातल्या कामगिरीवरून सोळाही संघांची क्रमवारी लागते, आणि परतीचा सामना वरच्या क्रमांकाच्या घरी होतो. तिथे 10 गुण तोकडे पडले. उपांत्यपूर्व फेरीत ऑलिंपियाविरुद्ध फ्लुमिनेन्सेला परतीसाठी आसुन्सिओनला जावं लागलं, उपांत्य फेरीत पोर्तो अलेग्रेला. दोन्हीकडे तो जिंकून आला. अंतिम सामन्याचं माराकाना आधीच ठरलेलं होतं. तिथे 4 नोव्हेंबरला त्याने जादा वेळेत बोका ज्युनियर्सला 2-1 हरवलं.