पहिल्या वर्षाचं वजन

शनिवार, रात्री साडेदहा

आज वसतिगृहात आरोग्य तपासणी होती. प्रवेश घेतला तेव्हा ५४.२ किलो होते, आज ५७.६. नोंद घेणाऱ्या ताईंनी आकडा मोठ्यानं वाचला, लिहिला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. मी दोन जिने चढून खोलीत येईपर्यंत तीच वजाबाकी चारदा केली. तीन पूर्णांक चार.

दोन महिन्यांपूर्वी हा आकडा कळला असता तर मी आज जेवले नसते. आज आधी जेवून आले आणि मग वही उघडली. हे वर्ष कसं गेलं ते एकदा सविस्तर लिहून काढायचंय. पुढच्या सत्रात मावशीची मुलगी घर सोडून शिकायला जातेय, आणि निघताना तिला कोण काय सांगणार ते मला पाठ आहे.

मलाही सांगितलंच होतं. 'पहिल्या वर्षी वजन वाढतंच, सांभाळ हं.' मोबाइलवर तर नेमका आकडाच फिरत असतो, पंधरा पौंड. म्हणजे जवळपास ६.८ किलो. अमेरिकेत 'फ्रेशमन फिफ्टीन' असा शब्दच पडलाय त्याला. १९८९ मध्ये तिथल्या तरुण मुलींच्या एका मासिकानं तो मुखपृष्ठावर छापला आणि तेव्हापासून तो जगभर पसरला. इथे आले तेव्हा ते ६.८ किलो माझ्या डोक्यात आधीच येऊन बसले होते. एकही दिवस काढायच्या आधी.

खरी मोजमापं मी अलीकडे वाचली. आधी वाचली असती तर किती बरं झालं असतं. २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. पहिल्या वर्षात सरासरी वाढ निघाली १.३६ किलो. वजन वाढलेले साधारण साठ टक्के, आणि फक्त त्यांचीच सरासरी काढली तर ३.३८ किलो. म्हणजे माझे ३.४ अगदी त्यांच्याच रांगेतले. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात दिसलं होतं की पंधरा पौंड किंवा त्याहून जास्त वाढणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. कॉलेजला न गेलेल्या त्याच वयाच्या मुलामुलींचंही वजन वाढलेलं होतं, आणि दोघांतला फरक जेमतेम अर्धा पौंड. अठरा-एकोणीस हे वयच भरण्याचं. हाडं अजून घट्ट होत असतात, मुलांची तर उंचीही थोडीफार वाढत असते. प्रत्येक वाढलेला किलो म्हणजे काहीतरी चुकलं, असं नसतं.

पण माझ्या ३.४ मधला सगळा भाग वयाचा नाही, हेही मला ठाऊक आहे. तो कुठून आला ते मी पाहिलंय.

घरी रात्री आठच्या सुमाराला ताटं मांडल्याचा आवाज यायचा. मी कुठल्याही खोलीत असले, कितीही रागावलेली असले, तरी त्या आवाजाला उठायचे. साडेदहाला बाबा बाहेरच्या खोलीतला दिवा बंद करायचे आणि मग घरात जागं राहण्यात काही राम उरायचा नाही. मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, अशी माझी समजूत होती. वेळ माझी नव्हतीच. ती त्या दोघांची होती, मी फक्त त्यात राहत होते. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल तर ते हे, की संध्याकाळी कुठलाच आवाज येत नाही. मेस सात ते नऊ उघडी असते. कुणी हाक मारत नाही. साडेनवाला आठवलं तर दार लागलेलं असतं.

मग रात्री दीड वाजता बिस्किटांचा पुडा. तो मी किती वेळा फोडलाय! कुणाची झोप मोडू नये म्हणून कागद दोन बोटांत धरून अगदी सावकाश फाडायचा. पहिलं बिस्किट भुकेनं खाल्लं जायचं, दुसरंही. तिसऱ्यापासून लक्ष पुस्तकात असायचं आणि हात आपोआप जात राहायचा, बोटांना तळाचा चुरा लागेपर्यंत. सकाळी भूक नसायची म्हणून नाश्ता बुडायचा, दुपारी जीव कासावीस झाला की ताट भरून घ्यायचं. मेसमध्ये हवं तेवढं वाढून घेता येतं. आणि समोर चौघी बोलत बसलेल्या असल्या की उठावंसं वाटत नाही, मग अजून थोडं घेतलं जातं. एकटेपणाच्या त्या पहिल्या दिवसांत तो टेबल माझा मोठा आधार होता. त्या जास्तीच्या घासांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या साठ नव्या विद्यार्थ्यांचं वजन पहिल्या बारा आठवड्यांत सरासरी १.९ किलोनं वाढलं होतं. २००४ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे हा. कुणाचं जास्त, कुणाचं कमी वाढलं त्या फरकातला पाचवा हिस्सा 'हवं तेवढं घ्या' पद्धतीच्या जेवणघरांशी जोडता आला. बाकीच्यात रात्रीचं चरणं होतं, जंक फूड होतं. वाचताना आमचंच वसतिगृह डोळ्यांसमोर आलं.

झोपेचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. जागरणाचा परिणाम डोळ्यांवर होतो, फार तर अभ्यासावर, एवढीच माझी कल्पना. त्याच वर्षी आणखी एक छोटा प्रयोग छापून आला होता. बारा निरोगी तरुणांना लागोपाठ दोन रात्री फक्त चारच तास झोपू दिलं, आणि दुसऱ्या एका वेळी त्यांनाच दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलेलं होतं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलेलं. भूक लागल्याचं त्यांचं स्वतःचं सांगणंही २४ टक्क्यांनी वाढलं, आणि मन जास्त करून गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडेच ओढ घेत होतं. दोन रात्रींत एवढं! परीक्षेच्या महिन्यात मी तीन-तीन आठवडे तशी झोपले, आणि वर स्वतःला अधाशी म्हणत राहिले. ते म्हणणं मी आज मागे घेते.

हालचालीचं थोडक्यात. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असायचा, विद्यापीठाच्या वेळापत्रकात तो नाही. कुणी काढून घेतला नाही, फक्त छापलेला नाही. वर्ग, ग्रंथालय, मेस आणि खोली, सगळं पाच मिनिटांच्या अंतरावर.

मग मी हिशोब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० किलोकॅलरी. ३.४ किलोंच्या झाल्या २६,१८०. आठ महिन्यांचे २४० दिवस धरले तर दिवसाला साधारण १०९. शरीर इतकं सरळ गणित पाळत नाही, वजन वाढलं की त्याचा खर्चही वाढतो, आणि वाढलेलं सगळंच काही चरबी नसतं. तरी अंदाज येतो. दोन-तीन बिस्किटं किंवा अर्ध्या तासाचं चालणं. इतका बारीक फरक होता तो. एवढ्याशा फरकासाठी मी स्वतःला जी शिक्षा दिली ती किती मोठी होती!

दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा जीन्सचं बटण काजात जाईना. मी पलंगावर आडवी पडून, श्वास रोखून ते लावलं आणि तशीच छताकडे बघत पडून राहिले. त्याच दिवशी रात्रीचं जेवण बंद केलं. चार दिवसांत काटा दीड किलोनं उतरला. काय आनंद झाला होता! पुढच्या रविवारी पोटभर जेवले आणि दोन दिवसांत सगळं परत. मी रडले. ते बहुतेक पाणी होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कमी खाल्लं की साठा उतरतो, पाणी जातं, नीट जेवलं की दोन्ही परत येतात. तरी मी आणखी दहा दिवस तेच करत राहिले. आई फोनवर विचारायची, 'जेवलीस का?' आणि मी 'हो' म्हणायचे.

आता तिच्याबद्दल लिहायला हवं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीबद्दल.

आम्ही एकाच दिवशी इथे आलो. दीड वाजता मी पुडा पुढे केला की ती म्हणायची, 'नको गं, तू खा.' मला तिचा हेवा वाटायचा. माझं वजन वाढत होतं तसं तिचं उतरत होतं, आणि मजल्यावर तिचं कौतुक चाललेलं असायचं. किती बारीक झालीस, काय करतेस, आम्हालाही सांग. मीही म्हटलंय. 'काय मस्त दिसतेस गं.' तिनं ओढणी सारखी करत हसून माझ्याकडे पाहिलं होतं. ते हसू आठवलं की अजून पोटात कालवतं.

दुपारच्या उन्हातही ती स्वेटर घालून बसायची. न्हाणीघराच्या जाळीवर तिच्या केसांचा पुंजका असायचा. आणि रात्री, दिवा घालवल्यावर, कानांत हेडफोन घालून ती स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची. तासन्‌तास. कोण कसलं पीठ मळतंय, कोण काय तळतंय. निळसर उजेडात तिचा चेहरा अगदी एकाग्र दिसायचा. मला वाटायचं, तिला स्वयंपाकाची आवड आहे.

फेब्रुवारीत एका रात्री तिनं अंधारातच विचारलं, 'तुझी पाळी वेळेवर येते का गं?' तिला तीन महिने आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तिला पहिला प्रश्न वजनाचा विचारलाच नाही. त्यांनी विचारलं, 'दिवसभरात किती वेळ खाण्याचा विचार चालू असतो?' ती कितीतरी वेळ गप्प बसली, मग म्हणाली, 'सगळा वेळ.'

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात छत्तीस धडधाकट तरुण स्वखुशीनं चोवीस आठवडे अर्धपोटी राहिले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं ते समजून घेण्यासाठी. त्यांना सतत थंडी वाजायची. बोलण्यात, स्वप्नात अन्न असायचं, आणि एरवी स्वयंपाकाशी काही देणंघेणं नसलेले ते पुरुष पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. हे वाचलं त्या दिवशी मी ग्रंथालयातून उठून बाहेर येऊन बसले. स्वेटर, व्हिडिओ, सगळं माझ्यासमोर तीन हातांवर होतं. आणि मी तिला सांगत होते की तू मस्त दिसतेस.

म्हणून तर त्या पंधरा पौंडांचा मला इतका राग येतो. तो आकडा बहुतेकांच्या बाबतीत खरा ठरत नाही, पण त्याची धास्ती मात्र सगळ्यांच्या वाट्याला येते. वाढलेल्या वजनाला सगळे नावं ठेवतात, उतरलेल्या वजनाची चौकशी कुणी करत नाही. आमच्या मजल्यावर वीस जणी आहेत. तिच्याकडे पाहून 'बरी आहेस ना?' असं वीसांतल्या एकीनंही विचारलं नाही.

ती आता उपचार घेतेय. आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जाते. तिचं वजन तिथे घेतात, पण ती काट्याकडे पाठ करून उभी राहते आणि आकडा तिला सांगत नाहीत. आजच्या तपासणीतही तिनं ताईंना तसं हळूच सांगितलं, आणि त्यांनी तिचा आकडा न वाचता लिहून घेतला. मी मागेच उभी होते. ताईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

आम्ही दोघींनी ठरवून फारसं काही केलेलं नाही. पावणेआठला माझ्या फोनचा गजर वाजतो आणि आम्ही खाली जातो, भूक असो वा नसो. जेवून झाल्यावर आवाराला एक फेरी, ती थकली असेल तर अर्धी. बारा वाजता दिवा बंद. परीक्षेच्या आठवड्यात हे सगळं कोलमडलं, पुडाही फुटला. या वेळी तिनं त्यातलं एक बिस्किट घेतलं. मी काही बोलले नाही, पुस्तकातून मान वर केली नाही. पण मी पाहिलं होतं.

रविवार, सकाळी

रात्री मावशीच्या मुलीला निरोप लिहायला घेतला आणि तीनदा खोडला. आधी सगळे आकडे लिहिले होते, मग वाटलं, तिच्या डोक्यात आणखी आकडे कशाला. मग झोपेबद्दल लिहिलं, ते भाषणासारखं झालं.

आत्ता पाठवलं ते एवढंच: 'पोचलीस की तिथल्या मेसच्या वेळा मला कळव. पहिला महिनाभर रात्रीच्या जेवणाच्या वेळेला मी रोज फोन करीन. खरं खरं सांगायचं, आईला सांगतो तसं नाही.'

तिचा लगेच अंगठा आला, आणि मागोमाग, 'ताई, सगळं ठीक आहे ना?'

आज तिला सविस्तर फोन करायला हवा. मैत्रीण उठलीय, केस बांधतेय. नाश्ता नऊला बंद होतो.