पॅलेसचं केशवराव

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं कुस्ती मैदान उभारलं आणि शेजारीच, त्याला पाठ लावून, नाटकाचं थिएटर. १९१५ साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'पॅलेस थिएटर'. तेव्हाची फॅशनच ती. मुंबईतही व्हिक्टोरिया, एडवर्ड, रॉयल ऑपेरा हाऊस. आत नांदी मराठीत, दारावरची पाटी लंडनची.

स्वातंत्र्यानंतर पॅलेसला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं गेलं आणि ते असं बसलं की जुनं नाव विस्मरणात गेलं. माणूसच त्या तोलाचा. जन्म कोल्हापूरचा, १८९० चा. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली तेव्हा वयाची अठरा वर्षंही भरली नव्हती. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून संयुक्त 'मानापमान' नाटक केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. ऑक्टोबरात ते गेलेसुद्धा. एकतिसाव्या वर्षी!

पाटीवर 'संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह' असलं तरी रिक्षावाल्याला 'केशवराव' एवढंच सांगायचं. कोणत्याही थिएटरचं असंच होतं. पुण्यातलं यशवंतराव, ठाण्यातलं गडकरी, बोरिवलीचं प्रबोधनकार. लोक एकच शब्द ठेवतात, बाकीचे पाटीवरच राहतात. त्यामुळे नाव ठरवणाऱ्यांनी कात्री कुठे लागेल ते आधीच पाहावं. दुसरी अडचण जुळ्या नावांची. विष्णुदास भावे सांगलीतही आहेत, वाशीतही. जाहिरातीत गाव छापायचं राहिलं तर प्रेक्षकाची पंचाईत.

सगळ्यात वाईट गत होते ती थिएटरचा धंदाच बदलला की. पुण्यातल्या किर्लोस्कर नाट्यगृहाचं पुढे वसंत टॉकीज झालं. तिथे तिकीट काढणाऱ्या कितीजणांना अण्णासाहेब किर्लोस्कर आठवले असतील? पुण्यातल्याच प्रभात टॉकीजचं उलट. भाडेपट्टा संपल्यावर ते मूळ मालकांकडे गेलं, पाटी 'किबे लक्ष्मी' झाली, तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी प्रभातच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कोल्हापूरचं हे नाट्यगृह जळालं. नव्या इमारतीवर त्यांचंच नाव हवं, यात वाद नाही. फक्त त्याखाली बारीक अक्षरांत 'पूर्वीचे पॅलेस थिएटर, १९१५' एवढी ओळ कोरावी, म्हणजे जुन्या हँडबिलांवरचं पॅलेस नेमकं कुठलं, हे शोधत बसावं लागणार नाही.