कंट्रोलच्या रकान्यातील पट्टी

गेल्या पावसाळ्यातील एका सकाळी, पणजीजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत, प्रथिने ओळखण्याच्या चाचणीच्या पडद्यावर, साध्या हवेत वाढवलेल्या तुलनेसाठीच्या (कंट्रोल) यकृतपेशींच्या रकान्यात हिफ-१ अल्फा या, ऑक्सिजन कमी पडला की साठणाऱ्या प्रथिनाची ठळक काळी पट्टी उमटलेली दिसली. ती तिथे असायला नको होती. ऑक्सिजन पुरेसा असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही विकरे या प्रथिनावर खूण करतात आणि पेशी ते काही मिनिटांत मोडून टाकते. म्हणूनच १ टक्का ऑक्सिजनच्या कक्षातील पेशी बाहेर न आणता आतच बर्फगार बफरमध्ये फोडण्याची शिस्त मी स्वतःला लावून घेतली आहे. ‘दोनच मिनिटे’ म्हणत दार उघडणाऱ्यांना त्यांच्या पट्ट्या फिकट का येतात हे सांगून मी थकले.

पेशी दाट झाल्या आणि त्यांनीच तळाचा ऑक्सिजन संपवला, असे निदान वरिष्ठांनी प्रतिमा पाहताक्षणी केले आणि प्रयोग पुन्हा करायला सांगितले. निदान चुकीचे म्हणता येत नव्हते, पण त्यांची घाई मला पटली नाही. मी त्याच नमुन्यांत लोह साठवणारे फेरिटिन हे प्रथिन तपासले. कमी ऑक्सिजनमधल्या पेशींत ते नेहमीसारखे होते, कंट्रोलमध्ये जवळजवळ नाहीसे झाले होते. म्हणजे तुटवडा हवेचा नव्हता, लोहाचा होता. या विकरांच्या केंद्रस्थानी लोह असते. ते काढून घेतले की भरपूर हवेतही ती थांबतात आणि पेशीला गुदमरल्यासारखेच वाटते.

हिफ-१ अल्फाच्याच जातकुळीतल्या हिफ-२ अल्फाची पट्टी मात्र कंट्रोलमध्ये फिकी होती. लोह कमी झाले की त्यावर नजर ठेवणारे आयआरपी-१ हे प्रथिन आपला लोह-गंधक गुच्छ गमावते आणि हिफ-२ अल्फाच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याच्या सूचनेला) धरून त्याचे वाचन रोखते. कमी ऑक्सिजनमध्ये तो गुच्छ टिकतो, आयआरपी-१ ॲकोनिटेज या विकराच्या रूपात राहते आणि ती पकड सुटते. एकाच धोक्याच्या सूचनेला पेशी दोन वेगळी उत्तरे देते, हे मी डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींच्या तांबड्या धुळीत वाढूनही त्या दिवसापर्यंत फक्त वाचले होते.

दोष अखेर माझ्याच अक्षरात सापडला. फ्रीजमधील दोन नळ्यांवर मी नुसते ‘डी’ लिहिले होते: एकीत कंट्रोलला द्यायचे डीएमएसओ हे द्रावक, दुसरीत लोह बांधून ठेवणारे डेफेरोक्सामिनचे पाण्यातील द्रावण. डीएमएसओ साधारण १८ अंशांखाली गोठते, त्यामुळे फ्रीजमधून काढल्यावर ते वितळेपर्यंत थांबावे लागते. पेशींना ते दिले त्या दिवशी मी थांबले नव्हते. नळीतले द्रावण पातळच होते, आणि ते मला खटकलेही नाही.

वहीत त्याआधीच्या दोन प्रयोगांपुढेही ‘पेशी दाट, रद्द’ अशी माझीच नोंद आहे. ते नमुने आणि पडदे मी तेव्हाच टाकून दिले.