हिरवं आहे, पण जिवंत लिहायचं का?

व्हर्जिनियातल्या वाइज काउंटीत, कोळसा काढून झालेल्या एका डोंगरउतारावर पांढऱ्या पाइनच्या रोपांची मोजणी होती. खुंटी रोवायची, दोरीने गोल फिरायचं आणि आत येईल ते प्रत्येक रोप जिवंत की मेलेलं ते लिहायचं. खरा वेळ जातो तो रोप शोधण्यात. केंटकी-३१ जातीचं फेस्क्यू गवत इतकं दाट माजलेलं असतं की हातांनी चाचपडावं लागतं.

एका ठोंबाखाली रोप सापडलं. शेंडा टवटवीत, पाच-पाच सुयांचे झुपके हिरवेगार. गवत बाजूला सारलं तर बुंध्याची साल चहूबाजूंनी कुरतडलेली, आतलं लाकूड पांढरं, त्यावर बारीक दातांचे चरे. हे व्होलचं काम. बर्फाने आडव्या झालेल्या गवताखाली या आखूड शेपटीच्या उंदरांना बोगदेच मिळतात, घारी-ससाण्यांची भीती उरत नाही. लाकडातून पाणी वर चढत असतं म्हणून शेंडा काही काळ हिरवा राहतो, पण पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. असं रोप वाचत नाही.

सोबतचा सहकारी याच डोंगरांतला, अनुभवी माणूस. तो म्हणाला, "हिरवं आहे ना? मग जिवंत लिही." नियमाने त्याचंच बरोबर होतं.

गवत दाट का, तर खाणीनंतर जमीन पुन्हा हिरवी करण्याच्या १९७७च्या अमेरिकी कायद्याने खाण कंपनीची जबाबदारी शेवटच्या पेरणीपासून किमान पाच वर्षं धरली आहे. पुन्हा बी किंवा खत टाकलं की वर्षं नव्याने मोजायची. म्हणून पहिल्याच खेपेला भरमसाट बी, भरमसाट नत्र. माती वाहून जात नाही हे खरं, पण डोझरने दाबून टाकलेल्या जमिनीत पाइनची मुळं खोल जाऊ शकत नाहीत आणि वरच्या थरातलं पाणी उन्हाळ्यात गवतच पिऊन टाकतं.

शेजारच्याच पट्ट्यात माती भुसभुशीत ठेवून टिमथी हे गवत आणि ट्रेफॉइल ही शेंगवर्गीय वनस्पती विरळ पेरली होती. मधेमधे उघडी माती दिसत होती, पण पाइन गुडघ्याच्या वर गेले होते. तपासायला येणाऱ्यांना हाच पट्टा उजाड वाटतो, याचा मला मनापासून राग येतो.

मी 'जिवंत' लिहिलं आणि शेऱ्यात 'साल पूर्ण खाल्लेली, उन्हाळ्यानंतर पुन्हा पाहावं' अशी नोंद केली. बेरजेत शेरे धरत नाहीत, आणि कंपनीने या कामाची हमी म्हणून ठेवलेली अनामत सुटते ती बेरजेवर. पुढच्या उताराच्या बियाण्यातून फेस्क्यू वगळा, खत कमी करा, असं मी लिहून दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.